ट्रेंट अलेक्झांडर-आर्नोल्डचे लिव्हरपूलमधून प्रस्थान

इंग्लंडचा फुटबॉलपटू ट्रेंट अलेक्झांडर-आर्नोल्ड याने २०२४-२५ च्या हंगामाअखेरीस लिव्हरपूल एफ.सी. हा आपला बालपणापासूनचा क्लब सोडला व स्पेनमधील रेआल माद्रिद या क्लबाशी करार केला. लिव्हरपूल शहरातच जन्मलेला आणि वाढलेला हा खेळाडू वयाच्या सहाव्या वर्षापासून, म्हणजे सुमारे वीस वर्षे, या एकाच क्लबात होता. क्लब सोडत असल्याचे त्याने ५ मे २०२५ रोजी जाहीर केले. त्यानंतर ११ मे रोजी अ‍ॅनफील्ड या क्लबाच्या मैदानावर आर्सेनलविरुद्धच्या सामन्यात तो उतरला, तेव्हा लिव्हरपूलच्याच पाठीराख्यांपैकी अनेकांनी त्याची हुर्यो उडवली. संघ नुकताच लीगविजेता ठरलेला असताना, संघाच्या उपकर्णधाराची स्वतःच्याच मैदानावर अशी संभावना होणे ही असाधारण घटना मानली जाते.

या प्रसंगाने पाठीराख्यांमध्येच दोन तट पडले. स्थानिक खेळाडूने क्लबाशी किती काळ बांधील राहावे, करार संपल्यावर जाण्याचा त्याचा हक्क आणि पाठीराख्यांचा नाराजी व्यक्त करण्याचा हक्क यांचा मेळ कसा घालावा, या प्रश्नांवर त्या निमित्ताने मोठी चर्चा झाली.

पार्श्वभूमी

अलेक्झांडर-आर्नोल्डचा जन्म ७ ऑक्टोबर १९९८ रोजी लिव्हरपूलच्या वेस्ट डर्बी या भागात झाला. लिव्हरपूल संघाचे मेलवूड हे त्या काळचे सरावकेंद्र याच भागात होते. लहानपणी कुंपणभिंतीच्या फटीतून आत चाललेला सराव आपण पाहत असू, असे त्याने अनेक मुलाखतींत सांगितले आहे. क्लबाने भरवलेल्या एका उन्हाळी शिबिरातून त्याची निवड झाली व तो क्लबाच्या अकादमीत दाखल झाला. लिव्हरपूलचा तत्कालीन कर्णधार स्टीव्हन जेरार्ड हा त्याचा आदर्श होता. प्रारंभी तो मध्यरक्षक म्हणून खेळे. पुढे अकादमीतच त्याला उजव्या बचावफळीत, म्हणजे राइट बॅकच्या जागी, तयार करण्यात आले.

प्रशिक्षक युर्गन क्लॉप यांच्या कार्यकाळात २५ ऑक्टोबर २०१६ रोजी लीग चषकातील टॉटनहॅमविरुद्धच्या सामन्यात त्याने मुख्य संघात पदार्पण केले. ऑगस्ट २०१७ मध्ये जर्मनीच्या हॉफेनहाइम संघाविरुद्ध फ्री किकवर त्याने क्लबासाठी पहिला गोल केला. २०१८ साली चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना तो वयाच्या १९ व्या वर्षी खेळला. कीव येथे झालेल्या त्या सामन्यात रेआल माद्रिदने लिव्हरपूलचा ३-१ असा पराभव केला होता.

७ मे २०१९ रोजी बार्सिलोनाविरुद्धच्या उपांत्य सामन्यातील त्याची कॉर्नर किक विशेष गाजली. पहिला सामना ०-३ असा गमावलेल्या लिव्हरपूलने त्या रात्री ३-० अशी आघाडी घेतली होती. प्रतिस्पर्धी बचावपटू बेसावध असल्याचे पाहून अलेक्झांडर-आर्नोल्डने चेंडूपासून दूर जाण्याचा आविर्भाव केला आणि लगेच वळून कॉर्नर घेतली. त्यावर डिवॉक ओरिगीने निर्णायक चौथा गोल केला. पुढे १ जून रोजी माद्रिद येथील अंतिम सामन्यात टॉटनहॅमला २-० असे नमवून लिव्हरपूलने चषक जिंकला. त्या दिवशी लिव्हरपूलच्या पहिल्या अकरा खेळाडूंमध्ये त्या शहरात जन्मलेला तो एकटाच होता.

२०१९-२० मध्ये लिव्हरपूलने तीस वर्षांच्या खंडानंतर लीगविजेतेपद मिळवले, त्यातही त्याचा वाटा मोठा होता. बचावपटू असूनही त्याची मुख्य ख्याती लांब पल्ल्याच्या अचूक पासांसाठी होती. २०२३ साली तो संघाचा उपकर्णधार झाला. एक दिवस लिव्हरपूलचा कर्णधार व्हावे, अशी इच्छा त्याने जाहीरपणे व्यक्त केली होती. क्लबासाठी तो एकूण ३५४ सामने खेळला व त्यांत त्याने २३ गोल केले.

शहर आणि क्लब

या घटनेवरील प्रतिक्रियांची तीव्रता समजण्यासाठी लिव्हरपूल शहराची स्वतःविषयीची जाणीव लक्षात घ्यावी लागते. बंदरावर वाढलेल्या या शहरातील रहिवाशांना 'स्काउसर' म्हणतात. खलाशांमध्ये प्रचलित असलेल्या मांस-बटाट्याच्या रश्शाच्या नावावरून हा शब्द आला. शहराची बोली, विनोद व राजकीय कल हे उर्वरित इंग्लंडपेक्षा वेगळे मानले जातात. गोदीतील रोजगार घटल्यामुळे आणि कारखाने बंद पडल्यामुळे १९८० च्या दशकात शहर आर्थिक संकटात सापडले. आपल्याला देशाने वाऱ्यावर सोडले, ही भावना तेव्हा रुजली.

१५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डमधील हिल्सबरो मैदानावर झालेल्या चेंगराचेंगरीमुळे लिव्हरपूलच्या ९७ पाठीराख्यांचा मृत्यू झाला. 'द सन' या वृत्तपत्राने या दुर्घटनेचा दोष पाठीराख्यांच्याच माथी मारणारा खोटा मजकूर छापला. तेव्हापासून शहरातील बहुसंख्य लोकांनी त्या वृत्तपत्रावर बहिष्कार टाकला. मृतांच्या नातेवाइकांनी न्यायासाठी अनेक दशके लढा दिला. २०१६ मध्ये नव्या चौकशीअंती मृत्यू पावलेल्या पाठीराख्यांचा बळी बेकायदेशीरपणे गेल्याचा निर्णय ज्यूरीने दिला.

अशा अनुभवांमुळे क्लब हा शहराच्या एकजुटीचे प्रतीक बनला. फेब्रुवारी २०१६ मध्ये ७७ पाउंडांच्या प्रस्तावित तिकिटाविरोधात हजारो प्रेक्षक सामना चालू असताना ७७ व्या मिनिटाला मैदान सोडून गेले, आणि मालकांना प्रस्ताव मागे घ्यावा लागला. पाठीराख्यांच्या दृष्टीने स्थानिक खेळाडू हा केवळ अकरांपैकी एक नसतो. आपल्यातलाच एक जण आपल्या वतीने मैदानात उतरला आहे, असे ते मानतात. अलेक्झांडर-आर्नोल्डच्या नावाने प्रेक्षक गात असलेल्या घोषगीताचाही तो आपल्या शहराचा आहे, हाच आशय होता. अ‍ॅनफील्डजवळील सिबिल रोड येथे २०१९ मध्ये त्याचे मोठे भित्तिचित्र रंगवण्यात आले. आपण या शहरातला एक साधा मुलगा असून आपले स्वप्न खरे झाले, या अर्थाचे त्याचेच उद्गार त्यावर लिहिले होते.

प्रतिस्पर्ध्याचाही गौरव करण्याची अ‍ॅनफील्डची परंपरा आहे. १९६९ मध्ये लीड्स युनायटेडने आणि १९८९ मध्ये आर्सेनलने याच मैदानावर लीगविजेतेपद निश्चित केले, तेव्हा लिव्हरपूलच्या पाठीराख्यांनी त्या संघांचे टाळ्यांनी अभिनंदन केले होते. त्यामुळे स्वतःच्या खेळाडूची हुर्यो उडवली जाणे अनेकांना अधिकच खटकले.

कराराचा प्रश्न

अलेक्झांडर-आर्नोल्डने २०२१ मध्ये केलेला करार ३० जून २०२५ रोजी संपणार होता. त्याच सुमारास मोहम्मद सलाह आणि कर्णधार व्हर्जिल व्हॅन डाइक यांचेही करार संपत होते. त्यामुळे २०२४-२५ च्या संपूर्ण हंगामात या तिघांच्या भवितव्याची चर्चा होत राहिली. सलाह या विषयावर पत्रकारांशी मोकळेपणाने बोलत होता. अलेक्झांडर-आर्नोल्डने मात्र आपल्या कराराची चर्चा जाहीरपणे करणार नाही, अशी भूमिका घेतली.

युरोपीय फुटबॉलमधील नियमांनुसार करार संपलेला खेळाडू हस्तांतरण शुल्काशिवाय दुसऱ्या क्लबात जाऊ शकतो. बेल्जियमचा खेळाडू जाँ-मार्क बॉसमन याने दाखल केलेल्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने १५ डिसेंबर १९९५ रोजी दिलेल्या निकालाने हा हक्क प्रस्थापित झाला. कराराचे अखेरचे सहा महिने उरले असता खेळाडू परदेशी क्लबाशी आगाऊ बोलणीही करू शकतो. असे झाल्यास मूळ क्लबाच्या हाती काहीच पडत नाही, आणि वाचलेल्या शुल्काचा लाभ खेळाडूला अधिक वेतन व करार-रकमेच्या रूपाने मिळू शकतो.

जानेवारी २०२५ मधील हस्तांतरण-काळात त्याला तत्काळ घेण्याविषयी रेआल माद्रिदने केलेली विचारणा लिव्हरपूलने फेटाळल्याचे वृत्त आले. त्यानंतर काही दिवसांतच, ५ जानेवारी रोजी मँचेस्टर युनायटेडविरुद्ध २-२ अशा बरोबरीत सुटलेल्या सामन्यात त्याचा खेळ खालावलेला दिसला व त्याच्यावर टीका झाली. एप्रिलमध्ये सलाह व व्हॅन डाइक या दोघांनी नवे करार केले. सलाह इजिप्तचा आणि व्हॅन डाइक नेदरलँड्सचा. बाहेरून आलेले दोघे राहिले आणि घरचा मुलगा निघाला, हा विरोधाभास पाठीराख्यांच्या बोलण्यात वारंवार येऊ लागला.

२० एप्रिल रोजी दुखापतीतून परतलेल्या अलेक्झांडर-आर्नोल्डने लेस्टर सिटीविरुद्ध बदली खेळाडू म्हणून येऊन सामन्यातील एकमेव गोल केला. अंगातील जर्सी काढून त्याने पाठीराख्यांसमोर केलेला जल्लोष पाहून तो राहील, अशी आशा काहींना वाटली. एका आठवड्याने, २७ एप्रिल रोजी, टॉटनहॅमला ५-१ असे हरवून लिव्हरपूलने आपले विसावे लीगविजेतेपद निश्चित केले.

घोषणा आणि आर्सेनलविरुद्धचा सामना

५ मे २०२५ रोजी अलेक्झांडर-आर्नोल्डने चित्रफितीद्वारे क्लब सोडण्याचा निर्णय जाहीर केला. आयुष्यातील हा सर्वांत कठीण निर्णय असून, नवे आव्हान स्वीकारण्याची गरज वाटत असल्याचे त्याने त्यात सांगितले. नव्या क्लबाचे नाव त्याने घेतले नाही, तरी तो रेआल माद्रिदला जाणार हे एव्हाना सर्वांनी गृहीत धरले होते.

११ मे रोजी अ‍ॅनफील्डवर आर्सेनलविरुद्ध सामना झाला. सामन्यापूर्वी आर्सेनलच्या खेळाडूंनी दुतर्फा उभे राहून नव्या विजेत्यांना मानवंदना दिली. अलेक्झांडर-आर्नोल्ड प्रारंभी राखीव खेळाडूंमध्ये होता. ६७ व्या मिनिटाला कॉनर ब्रॅडली या तरुण खेळाडूच्या जागी तो मैदानात आला, तेव्हा प्रेक्षागारातून हुर्यो ऐकू आली. काही प्रेक्षकांनी टाळ्या वाजवून तो आवाज झाकण्याचा प्रयत्न केला. त्यानंतरही चेंडू त्याच्याकडे आला की हुर्यो उडत राहिली. पूर्वार्धात २-० अशी आघाडी घेतलेल्या लिव्हरपूलला सामना २-२ असा बरोबरीत सोडवावा लागला.

संघातील जवळचा मित्र अँडी रॉबर्टसन याने हे दृश्य क्लेशदायक असल्याचे सांगितले, मात्र लोकांनी काय वाटून घ्यावे हे आपण ठरवू शकत नाही, असेही तो म्हणाला. प्रशिक्षक आर्ने स्लॉट यांनीही मत व्यक्त करण्याचा प्रेक्षकांचा हक्क मान्य केला. सलाहने मात्र वीस वर्षे क्लबाला दिलेल्या खेळाडूच्या वाट्याला अशी वागणूक यायला नको होती, असे मत मांडले. एक वर्षापूर्वी पद सोडलेले क्लॉप यांनी तीव्र निराशा व्यक्त केली. राग येणे समजू शकते, परंतु या खेळाडूने क्लबासाठी केलेले विसरू नये, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता.

निरोप आणि हस्तांतरण

हंगामातील अखेरचा सामना २५ मे रोजी क्रिस्टल पॅलेसविरुद्ध अ‍ॅनफील्डवरच झाला. मध्यंतरानंतर अलेक्झांडर-आर्नोल्ड मैदानात उतरला, तेव्हा या वेळी टाळ्यांचा आवाज मोठा होता. सामना १-१ असा बरोबरीत सुटला. त्यानंतरच्या चषकप्रदान समारंभात त्याला जल्लोषात दाद मिळाली आणि त्याला अश्रू आवरले नाहीत. दोन आठवड्यांच्या अंतराने त्याच मैदानावर दिसलेल्या या दोन प्रतिक्रियांमधील तफावत नंतरच्या चर्चेत प्रामुख्याने उल्लेखली गेली.

३० मे रोजी रेआल माद्रिदने कराराची अधिकृत घोषणा केली. जूनच्या मध्यास सुरू होणाऱ्या क्लब विश्वचषकात त्याला खेळवता यावे, म्हणून लिव्हरपूलच्या कराराचा उरलेला एक महिना माद्रिदने विकत घेतला. त्यासाठी सुमारे एक कोटी युरो मोजल्याचे वृत्त होते. नवा करार सहा वर्षांचा, म्हणजे २०३१ पर्यंतचा होता. १२ जून रोजी माद्रिद येथे झालेल्या स्वागतसमारंभात त्याने स्पॅनिश भाषेत भाषण केले. हे कौशल्य दीर्घ पूर्वतयारीशिवाय येणार नाही, अशी टिप्पणी लिव्हरपूलच्या काही पाठीराख्यांनी केली. लिव्हरपूलने त्याच्या जागी जर्मनीतील बायर लेव्हरकुसेन क्लबातून जेरेमी फ्रिम्पाँग या खेळाडूला घेतले.

नाराजीची कारणे

पाठीराख्यांच्या नाराजीमागे पुढील कारणे सांगितली जातात.

पहिले कारण आर्थिक आहे. ऐन उमेदीच्या वयातील या खेळाडूसाठी क्लबाला मोठी रक्कम मिळू शकली असती. ज्या क्लबाने घडवले, त्याला त्याचा मोबदला मिळू न देता जाणे हा कृतघ्नपणा होय, असे टीकाकारांचे म्हणणे होते.

दुसरे कारण त्याच्या मौनाचे आहे. हंगामभर त्याने राहण्याविषयी किंवा जाण्याविषयी काहीच न सांगितल्यामुळे आपल्याला झुलवत ठेवले, असे अनेकांना वाटले.

तिसरे कारण नव्या क्लबाविषयीचे आहे. २०१८ व २०२२ अशा दोन्ही वर्षी चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात रेआल माद्रिदनेच लिव्हरपूलला हरवले होते. संघ उतरणीला लागला असता तर जाणे समजण्यासारखे होते, परंतु लीगविजेत्या संघातून उठून जाणे म्हणजे लिव्हरपूल हे शिखर नसून पायरी आहे असे मान्य करणे होय, ही बोच त्यामागे होती.

चौथे आणि बहुधा सर्वांत खोलवरचे कारण त्याच्या स्थानिकत्वाचे आहे. २०२१ मध्ये नेदरलँड्सचा मध्यरक्षक जॉर्जिनियो विनाल्डम आणि २०२३ मध्ये ब्राझीलचा आघाडीपटू रॉबर्टो फिर्मिनो हेही करार संपल्यावर शुल्काविना गेले होते. त्या दोघांनाही क्लबाने व पाठीराख्यांनी सन्मानाने निरोप दिला. यावरून केवळ शुल्क न मिळणे हे रागाचे पुरेसे स्पष्टीकरण ठरत नाही. बाहेरून आलेला खेळाडू एक दिवस जाणार हे पाठीराख्यांनी मनोमन स्वीकारलेले असते. जो आपल्यातलाच आहे, त्याने आपल्यासारखाच विचार करावा अशी त्यांची अपेक्षा असते. लिव्हरपूलसाठी खेळणे याहून मोठे काही नाही, असे मानणाऱ्या माणसाला त्याच शहरातील मुलाने दुसरे काही निवडणे, हे स्वतःच्या निष्ठेवरचे प्रश्नचिन्ह वाटू शकते.

खेळाडूच्या बाजूने मांडलेले मुद्दे

अलेक्झांडर-आर्नोल्डचे समर्थन करणाऱ्यांनी काही प्रतिवाद केले. अकादमीतून आलेल्या या खेळाडूसाठी लिव्हरपूलने हस्तांतरण शुल्क मोजले नव्हते. नऊ हंगामांत क्लबाला दोन लीगविजेतेपदे, एक चॅम्पियन्स लीग, एक एफ.ए. चषक व दोन लीग चषक यांसह अनेक विजय मिळवून देण्यात त्याने वाटा उचलला. करार पूर्ण होईपर्यंत तो खेळला, म्हणजे त्याने कोणताही शब्द मोडला नाही.

करार वेळीच न वाढवण्याची जबाबदारी क्लबाच्या व्यवस्थापनावरही येते, असे काहींनी दाखवून दिले. २०२२ ते २०२४ या काळात लिव्हरपूलच्या क्रीडा संचालकपदावर एकामागून एक वेगवेगळ्या व्यक्ती आल्या. या अस्थिरतेत तीन प्रमुख खेळाडूंचे करार एकाच वेळी संपण्याच्या टप्प्यावर येऊ दिले गेले.

आणखी एक मुद्दा निष्ठेच्या एकतर्फी अपेक्षेचा होता. क्लब स्वतः गरजेनुसार खेळाडू विकतात आणि अकादमीतील असंख्य मुलांना किशोरवयातच बाहेरचा रस्ता दाखवतात. अशा मुलांना पर्यायी शिक्षण व रोजगार मिळावा, म्हणून अलेक्झांडर-आर्नोल्डनेच २०२३ मध्ये 'द आफ्टर अकॅडमी' हा उपक्रम सुरू केला होता. क्लबाला खेळाडू नकोसा होतो तेव्हा त्याला कोणी कृतघ्नता म्हणत नाही, याकडे समर्थकांनी लक्ष वेधले.

पूर्वीची उदाहरणे

लिव्हरपूलच्या इतिहासात स्थानिक खेळाडूंच्या जाण्यावरून यापूर्वीही वाद झाले आहेत.

स्टीव्ह मॅकमॅनमन हा लिव्हरपूलच्या परिसरातच वाढलेला खेळाडू. १९९७ मध्ये बार्सिलोनाशी ठरू पाहणारा त्याचा व्यवहार फिसकटला. १९९९ मध्ये तो करार संपवून शुल्काविना रेआल माद्रिदला गेला. तेथे त्याने २००० व २००२ मध्ये चॅम्पियन्स लीग जिंकली आणि २००० च्या अंतिम सामन्यात गोलही केला. अलेक्झांडर-आर्नोल्डच्या प्रकरणाशी याच उदाहरणाचे साम्य सर्वाधिक आहे.

मायकेल ओवेन हा क्लबाच्याच युवा व्यवस्थेतून आला होता. २००४ मध्ये करार संपण्यास एक वर्ष उरले असता त्याला सुमारे ८० लाख पाउंड व एक खेळाडू यांच्या मोबदल्यात रेआल माद्रिदला विकावे लागले. पुढच्याच वर्षी लिव्हरपूलने चॅम्पियन्स लीग जिंकली. डिसेंबर २००५ मध्ये न्यूकॅसल युनायटेडकडून तो अ‍ॅनफील्डवर आला, तेव्हा त्याची टर उडवण्यात आली. २००९ मध्ये तो मँचेस्टर युनायटेडला गेल्यावर उरलासुरला जिव्हाळाही आटला.

स्टीव्हन जेरार्डने इस्तंबूल येथील विजयानंतर सहा आठवड्यांतच, जुलै २००५ मध्ये, क्लब सोडण्याची इच्छा व्यक्त केली. चेल्सी त्याला घेण्यास उत्सुक होता. संतप्त पाठीराख्यांनी त्याच्या नावाच्या जर्सी जाळल्या. दुसऱ्याच दिवशी त्याने निर्णय बदलला व पुढे आणखी दहा वर्षे तो लिव्हरपूलकडून खेळला. २०१५ मध्ये त्याने अमेरिकेतील क्लबात जाण्यासाठी लिव्हरपूल सोडले, तेव्हा मात्र त्याला भावपूर्ण निरोप मिळाला.

रॉबी फाउलरचे उदाहरण उलट्या प्रकारचे आहे. शहरातील टॉक्स्टेथ भागातला हा आवडता खेळाडू २००१ मध्ये लीड्स युनायटेडला विकला गेला. पाठीराख्यांचा राग त्या वेळी खेळाडूवर नसून व्यवस्थापनावर होता. २००६ मध्ये तो परतला, तेव्हा त्याचे जल्लोषात स्वागत झाले.

लिव्हरपूल शहरातीलच एव्हर्टन या दुसऱ्या क्लबाने असा अनुभव वेन रूनीच्या बाबतीत घेतला. वेस्ट डर्बीला लागून असलेल्या क्रॉक्स्टेथमध्ये वाढलेल्या रूनीने आपली एव्हर्टननिष्ठा आजन्म असल्याचे सांगणारा मजकूर टी-शर्टवर मिरवला होता. २००४ मध्ये तो मँचेस्टर युनायटेडला गेल्यावर एव्हर्टनचे पाठीराखे त्याच्यावर अनेक वर्षे रुष्ट होते. २०१७ मध्ये तो एव्हर्टनला परतला, तेव्हा कटुता बरीच निवळली होती. लंडनमध्ये टॉटनहॅमचा कर्णधार सॉल कॅम्पबेल २००१ मध्ये शुल्काविना आर्सेनल या कट्टर प्रतिस्पर्ध्याकडे गेला. त्याच्याविषयीचा राग मात्र पुढेही दीर्घकाळ टिकून राहिला.

अ‍ॅनफील्डवर पुनरागमन

४ नोव्हेंबर २०२५ रोजी चॅम्पियन्स लीगच्या सामन्यासाठी रेआल माद्रिदचा संघ अ‍ॅनफील्डवर आला. सामन्यापूर्वी सिबिल रोडवरील भित्तिचित्र अज्ञात व्यक्तींनी रंग फासून विद्रूप केले. अलेक्झांडर-आर्नोल्डने मुलाखतीत सांगितले, की स्वागत कसेही झाले तरी क्लबाविषयीच्या आपल्या भावना बदलणार नाहीत, आणि गोल केल्यास आपण जल्लोष करणार नाही. जुलै २०२५ मध्ये अपघातात मृत्यू पावलेला आपला माजी सहकारी डिओगो जोटा याच्या स्मृतिस्थळी जाऊन त्याने आदरांजलीही वाहिली.

सप्टेंबरमधील स्नायूच्या दुखापतीतून तो नुकताच सावरला होता, त्यामुळे प्रारंभीच्या संघात त्याला स्थान मिळाले नाही. त्याचे नाव पुकारले गेले तेव्हा आणि ८१ व्या मिनिटाला तो मैदानात उतरला तेव्हा प्रेक्षकांनी मोठ्याने हुर्यो उडवली. अलेक्सिस मॅक अ‍ॅलिस्टरच्या गोलामुळे लिव्हरपूलने सामना १-० असा जिंकला. या वेळी तो प्रतिस्पर्धी संघाचा खेळाडू होता. त्यामुळे मे महिन्यातील हुर्योने जसा वाद निर्माण केला, तसा या प्रसंगाने केला नाही.

महत्त्व

युरोपातील मोठ्या क्लबांची मालकी आज बहुधा परदेशी गुंतवणूकदारांकडे, खेळाडू जगभरातील आणि प्रेक्षकही जगभर विखुरलेले असतात. लिव्हरपूल एफ.सी. २०१० पासून अमेरिकेतील फेनवे स्पोर्ट्स ग्रुपच्या मालकीचा आहे. अशा परिस्थितीत स्थानिक खेळाडू हा क्लब व शहर यांना जोडणाऱ्या थोड्या उरलेल्या दुव्यांपैकी एक ठरतो. असे खेळाडू जितके दुर्मीळ होतात, तितके त्यांच्यावरील अपेक्षांचे ओझे वाढते. अलेक्झांडर-आर्नोल्डच्या जाण्यावरील प्रतिक्रिया या बदलाच्या संदर्भात पाहिली जाते. कायद्याच्या दृष्टीने त्याने आपला करार पूर्ण केला होता. पाठीराख्यांच्या मनातील करार मात्र कधीच लिहिला गेला नव्हता आणि त्याला मुदतही नव्हती.

कालपट

• २५ ऑक्टोबर २०१६: लिव्हरपूलच्या मुख्य संघात पदार्पण.
• १ जून २०१९: चॅम्पियन्स लीगचे विजेतेपद.
• २०२३: उपकर्णधारपदी नियुक्ती.
• २७ एप्रिल २०२५: लिव्हरपूलचे विसावे लीगविजेतेपद निश्चित.
• ५ मे २०२५: क्लब सोडत असल्याची घोषणा.
• ११ मे २०२५: आर्सेनलविरुद्धच्या सामन्यात हुर्यो.
• २५ मे २०२५: क्रिस्टल पॅलेसविरुद्ध अखेरचा सामना व निरोप.
• ३० मे २०२५: रेआल माद्रिदकडून कराराची घोषणा.
• ४ नोव्हेंबर २०२५: रेआल माद्रिदचा खेळाडू म्हणून अ‍ॅनफील्डवर पहिला सामना.

हे सुद्धा पहा

• लिव्हरपूल एफ.सी.
• रेआल माद्रिद
• बॉसमन निकाल
• हिल्सबरो दुर्घटना
• स्टीव्हन जेरार्ड
• वेन रूनी